स्टॉकहोम ते हेलसिंकी: दोन तास

स्टॉकहोमहून हेलसिंकी साधारण चारशे किलोमीटरवर आहे आणि विमानाने तिथे पोचायला एक तास लागतो. आज मी हे वाक्य किती सहज लिहून गेलो बघा. २००५ साली हेच वाक्य चारचौघांत म्हणायला मला जवळजवळ महिना लागला, आणि तेवढ्यात एका सज्जन बाईंचं राहतं घर माझ्यापायी हातचं जाता जाता राहिलं. तेव्हा मी हे गमतीने सांगत असलो तरी मान खाली घालून सांगतोय असं समजा.

या दोन्हीपैकी एकाही गावी मी कधी गेलेलो नाही. मी पुण्याचा, राहायला आणि नोकरीला ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनला. काम म्हणाल तर दुधाच्या टँकरांची वेळापत्रकं बसवणं. कुठल्या फार्मवरून निघालेला टँकर ‘ते रापा’ नावाच्या गावातल्या कारखान्यात किती वाजता पोचेल, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लोकांनी ते मला इतक्या वेळा ऐकवलं की आता त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रश्नमंजूषा असते आणि प्रश्न काढायचं काम माझ्याकडे. शेवटचा प्रश्न असा हवा की हॉलमधल्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींना वाटलं पाहिजे, हा माणूस आपल्यातला असला तरी थोडा वरचा आहे. त्या वर्षी ऑफिसातल्या कुणीतरी युरोपहून आणलेली विमानांच्या वेळापत्रकाची पुस्तिका माझ्या हाती लागली. तीत होतं: स्टॉकहोम सुटणे नऊ, हेलसिंकी पोचणे अकरा. अकरातून नऊ गेले, राहिले दोन. मी कार्डावर उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

आता आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक इथलं आणि एक पुण्याचं. इथल्या बहुतेक मराठी घरांत असतात. ‘आता तिकडे दुपार असेल, बाबा आडवे झाले असतील, तासाभराने फोन करू,’ असा हिशोब आम्ही रात्रीची भांडी विसळता विसळता करतो. एवढं असूनही चारशे किलोमीटरवरच्या दोन गावांची घड्याळं वेगळी असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी ज्या देशात वाढलो तिथे द्वारकेपासून दिब्रुगडपर्यंत एकच वेळ चालते. हैदराबादला पोचल्यावर घड्याळ पुढे करणारा पुणेकर तुम्ही पाहिलाय का?

तर अंतिम फेरी. एका बाजूला माझी बायको स्नेहलता आणि तिच्या फार्मसीतल्या दोघी. दुसऱ्या बाजूला ‘पाहुणे’ नावाचा संघ, म्हणजे मुलाबाळांकडे आलेले आईवडील. त्यांच्या कॅप्टन मृणालिनीकाकू, ऑकलंडच्याच मनुरेवा भागात राहणाऱ्या प्रमोदच्या आई. वय सत्तरीला टेकलेलं. ठाण्याला नौपाड्यात एकट्या राहायच्या, सहा महिन्यांसाठी इकडे आलेल्या. गुण समसमान. मी आवाज खोल करून शेवटचा प्रश्न विचारला. अंतरही सांगून टाकलं, उदारपणे.

काकूंनी लगेच चमच्याने ताटली वाजवली. “एक तास.”

“चूक,” मी म्हणालो.

“नाही हो, एकच तास लागतो. कागद एकदा बघता का?”

मी कागदाकडे बघायला हवं होतं. मी हॉलकडे बघितलं. हॉल भरलेला होता आणि माझ्या हातात माइक होता.

“काकू, तुम्ही विमानात किती वेळा बसलात?”

“एकदाच. इकडे येताना.”

“मग विमानांचं आमच्यावर सोडा. या वयात तास-दोन तास इकडचे तिकडे व्हायचेच.”

हॉल हसला. बऱ्यापैकी हसला. काकू “असेल, असेल,” म्हणाल्या आणि पदर सावरून खाली बसल्या. मग स्नेहलताने “दोन तास” म्हणून सांगितलं. (एक चूक म्हटल्यावर पुढचा आकडा दोनच, असं तिने मला नंतर सांगितलं.) फिरती ढाल आमच्या घरी आली आणि टीव्हीच्या वर लागली.

पण त्याआधी, टाळ्या चालू असतानाच, पाहुण्यांच्या संघातून मोरेश्वरकाका उभे राहिले. हे साताऱ्याच्या जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन मुलीकडे कायमचे राहायला आलेले. मंडळाची घटना त्यांना तोंडपाठ आहे आणि ती पाठ असलेले ते एकटेच आहेत. ते म्हणाले, “चारशे किलोमीटरला दोन तास? म्हणजे ताशी दोनशे. एवढ्या वेगात विमान वर राहील का?”

मी म्हणालो, “तिकडे थंडीमुळे हवा दाट असते. विमानं बेताने हाकतात.”

हे वाक्य मंडळाच्या हँडीकॅमवर आहे. डीव्हीडी निघाली, घरोघरी गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मोरेश्वरकाकांची सतरा मुद्द्यांची ईमेल मंडळाच्या सगळ्या कुटुंबांना पोचली. मुद्दा चार असा: ‘पती परीक्षक, पत्नी विजेती.’ तो मला लागला. माणसाला मूर्ख म्हणा, चालतं. पण लबाड म्हणजे फारच झालं. मी चहा निवायच्या आत उत्तर पाठवलं. परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. वेळापत्रकं हा माझा व्यवसाय आहे. ज्येष्ठांविषयी आदर असला तरी भूगोल आदरावर चालत नाही. शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते स्नेहलताला मोठ्याने वाचून दाखवलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी जवळच्या ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. शिक्क्यानिशी पुरावा आणून मोरेश्वरकाकांच्या नाकासमोर धरायचा बेत होता. काउंटरवर ट्रेसी नावाची मुलगी होती.

“स्टॉकहोम टू हेलसिंकी? अबाउट ॲन अवर,” ती म्हणाली.

“बट इट लीव्ज ॲट नाइन ॲण्ड रीचेस ॲट इलेव्हन.”

“येह, फिनलंड इज ॲन अवर अहेड, मेट.” आणि तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “सी, कमिंग बॅक, लीव्ज ॲट एट, गेट्स इन ॲट एट. स्वीट ॲज.” म्हणजे इथल्या बोलीत, झक्कास.

माझ्या रीतीने हिशोब केला तर परतीचं विमान शून्य मिनिटांत पोचत होतं. ट्रेसीने कागद छापून, शिक्का मारून दिला. मी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. 

ऑफिसात येऊन मी एक ओळ लिहिली: ‘माझी चूक झाली. मृणालिनीकाकूंची क्षमा मागतो.’ पण तिच्याखाली माझंच कालचं उत्तर दिसत होतं, भूगोल, आदर, व्यवसाय सगळं. ती ओळ मी खोडली. म्हटलं, उद्या पाठवू.

उद्याच्या आत आमचे अध्यक्ष चंद्रहास यांचा फोन आला. हा भला माणूस, कुणाला दुखवायचं नाही म्हणून प्रत्येक भांडणावर समिती नेमतो. “मोरेश्वरकाका ऐकत नाहीत रे. मी चौकशी समिती केलीय. एकसदस्यीय.”

“कोण सदस्य?”

“तूच. टायमिंगमधलं आपल्याकडे आणखी कुणाला कळतं?”

“अरे, पण तक्रार माझ्याविरुद्ध आहे.”

“म्हणून तर. तुला सगळी केस माहितीय. हीप्स ऑफ टाइम आहे, आरामात लिही.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी “बघतो” म्हणालो. माझ्या आयुष्यातली बरीचशी पापं या एका शब्दाखाली निघतील.

सल्ला घ्यावा म्हणून मी कुंपणापाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याला गाठलं. विरेमू ट्रक चालवतो, बोलतो कमी. त्याला म्हटलं, समजा एका माणसाने चारचौघांत एका म्हाताऱ्या बाईला चूक ठरवलं आणि ती बरोबर निघाली, तर त्या माणसाने काय करावं? तो झाडांना पाणी घालायचा पाइप बंद करून म्हणाला, “जस्ट से सॉरी, ब्रो.” बिचाऱ्याला आमच्या मंडळाची घटना माहीत नव्हती.

अहवाल तीन पानी झाला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. लबाडीला खोटं लागतच नाही. ‘प्रवासकाल’ म्हणजे विमानात बसल्यापासून पट्ट्यावरची बॅग हाती येईपर्यंतचा काळ, अशी मी पहिल्या पानावर व्याख्या केली, आणि तिसऱ्या पानावर तो आपोआप दोन तास आला. कार्यकारिणीने अहवाल एकमताने मंजूर केला. मोरेश्वरकाका म्हणाले, “निष्कर्ष मला मान्य नाही, पण मसुदा निर्दोष आहे.” त्यांनी नमुना म्हणून एक प्रत मागून घेतली. ढालीवर नावं कोरून झाली. प्रकरण मिटलं, आणि शिक्क्याचा कागद मी गाडीच्या कप्प्यात रजिस्ट्रेशनच्या खाली सरकवला.

मग एका संध्याकाळी जेवताना स्नेहलता म्हणाली, “मृणालिनीकाकू आल्या होत्या फार्मसीत. सोमवार, मंगळवार लिहिलेला गोळ्यांचा डबा हवा होता.”

“का?”

“त्यांना विसरायला होतंय म्हणे. तुला माहितीय, त्या एकतीस वर्षं मुंबईला परदेशी फोन जोडायच्या, ऑपरेटर होत्या. म्हणाल्या, जगातल्या सगळ्या शहरांची घड्याळं मला पाठ होती, तीच डोक्यातून गेली. गणपतीत सगळ्यांसमोर चुकले. प्रमोद घाबरलाय. हॉस्पिटलात नर्स आहे तो, असली माणसं रोज बघतो. आता आईला एकटीला ठेवायचं नाही म्हणतो. नोव्हेंबरचं तिकीट रद्द केलं, व्हिसा वाढवायला टाकलाय. ठाण्याची जागा विकणार आहेत.”

“काकू तयार आहेत?”

“त्यांनी चाव्या देऊन टाकल्या त्याच्याकडे. म्हणाल्या, उद्या गॅस चालू ठेवून झोपले तर?” स्नेहलताने मला भात वाढला. “बरं झालं म्हणायचं, वेळेवर लक्षात तरी आलं.”

मी भात संपवला. मग भूक नसताना आणखी मागून घेतला, कारण ताटातून मान वर काढली असती तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी शिक्क्याचा कागद घेऊन मी मनुरेवाला गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली. काकू घरी एकट्याच होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि तिथेच माझी पहिली दोन वाक्यं गेली. त्यांनी थालीपीठ लावलं, लोण्याचा गोळा वाढला आणि समोर एक वही ठेवली.

“रोज थोडी थोडी शहरं लिहून काढते. प्रमोद म्हणाला, डोक्याला व्यायाम होतो. तुम्हाला यातलं कळतं, जरा तपासून देता?”

मी वही उघडली. टपोरं, सरळ अक्षर. भारतापेक्षा किती मागे, किती पुढे, शेजारी उन्हाळा-हिवाळा. ओस्लो बरोबर. नैरोबी बरोबर. तोक्यो, लिस्बन, अथेन्स, सगळी बरोबर. मी खुणा करत गेलो. मग स्टॉकहोम: हिवाळ्यात साडेचार तास मागे. खाली हेलसिंकी: साडेतीन लिहिलेलं, ते खोडून साडेचार केलेलं.

“हे बघा, इथेच माझं चुकायचं,” काकू म्हणाल्या. “एका कागद कंपनीचे साहेब होते. सांगायचे, नऊला स्टॉकहोमहून निघतो, अकराला हेलसिंकीत उतरतो. मी मनात धरायची, म्हणजे प्रवास तासाचाच. त्या हिशोबाने त्यांना मुंबईचा फोन जोडून द्यायची. इतकी वर्षं चुकीच्या वेळेला जोडला म्हणायचा. कधी तक्रार केली नाही हो त्यांनी.”

कागद माझ्या खिशात होता. हात खिशापर्यंत गेलासुद्धा. काकू चष्मा पुसत माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मास्तरांकडे बघावं तशा. आणि मी त्या खोडून केलेल्या साडेचारापुढे बरोबरची खूण केली.

का केली, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. भीती म्हणावी तर कुणाची? सत्तरीच्या बाईची, जिने मला नुकतंच लोणी वाढलं होतं? मी दुसरं थालीपीठही खाल्लं. “येत जा,” असं म्हणून काकू दारापर्यंत आल्या. इतकी लाज मला शाळेत सगळ्या वर्गासमोर छड्या खाल्ल्या तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा निदान दुसरं कुणीतरी मारत होतं.

घरी आलो आणि स्नेहलताला सगळं सांगितलं. ती उभ्याने ऐकत होती.

“त्या वहीत तू बरोबर म्हणून खूण केलीस?”

“हो.”

“पेन्सिलने?”

“पेनने.”

ती खुर्चीवर चढली, टीव्हीवरची ढाल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “उद्या दसऱ्याचा कार्यक्रम आहे. त्याच हॉलमध्ये. जिथे लोकांना हसवलंस तिथे सांगायचं. मी शेजारी उभी राहणार नाही.” त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आमची मुलगी इरा मात्र म्हणाली, “बाबा, यू शुड हॅव जस्ट गूगल्ड इट.”

रविवारी मी ढाल घेऊन गेलो. ती तशीच नेणं मला अवघड वाटलं म्हणून अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळली; त्यामुळे दारातच तिघांनी विचारलं, पोहायला चाललात का. कार्यक्रम सुरू होण्याआधी मी चंद्रहासला म्हटलं, मला दोन मिनिटं माइक हवाय, प्रश्नमंजूषेबद्दल बोलायचंय.

चंद्रहासचा चेहरा उतरला. “मिटलंय ना ते? अजेंड्यावर नाहीये रे.”

मोरेश्वरकाका लगेच आले. मला वाटलं, हे तरी बाजू घेतील. ते म्हणाले, “सुधाकरराव, अहवाल मंजूर झालेला आहे. मंजूर अहवालाचा फेरविचार करायचा तर एक तृतीयांश सभासदांच्या सह्या आणि एकवीस दिवसांची नोटीस लागते.”

“अहो, पण तुम्हीच बरोबर होता. मीच लिहिलाय तो अहवाल, आणि तो चुकीचा आहे.”

“ते मला ठाऊक आहे. पण तो मंजूर आहे.”

मग मी माइकचा नाद सोडला आणि मध्ये उभा राहून ओरडूनच बोललो. पोरंटोरं पळायची थांबली. “मृणालिनीकाकूंचं उत्तर बरोबर होतं. एकच तास लागतो. तिथली घड्याळं वेगळी असतात हे मला माहीत नव्हतं. हवाही दाटबिट नसते, ते मी बनवून सांगितलं. काकूंची आठवण शाबूत आहे, चूक माझी होती, आणि ती कळल्यावर मी लपवली. काकूंच्या वयावरून मी विनोद केला त्याची मला लाज वाटते.”

पाठ केलेलं यापेक्षा चांगलं होतं, पण निघालं ते हे. टॉवेल सोडून मी ढाल काकूंच्या पुढे धरली. हँडीकॅम चालू होता.

काकू बसूनच होत्या. ढालीकडे त्यांनी बघितलंही नाही. “तुम्हाला हे कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी.”

“कुठल्या?”

“गणपतीतल्या. दुसऱ्या दिवशी रविवार, त्याच्यानंतरच्या.”

“म्हणजे बारा तारीख. आज नऊ. सत्तावीस दिवस,” काकू म्हणाल्या. बोटं मोजली नाहीत, वर बघितलं नाही. “आणि काल वहीत खूण केलीत, ती माहीत असून?”

“हो.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं. काकू उठल्या आणि मुलाकडे वळल्या. “प्रमोद, चाव्या.”

प्रमोदने ठाण्याच्या चाव्या आपल्या गाडीच्या किल्लीच्या कडीत अडकवून टाकल्या होत्या. ती कडी घट्ट होती. नखाने उघडेना, तेव्हा कुणीतरी चमचा दिला. दीडशे माणसं बघत होती. “आई, तिकीट रद्द केलंय गं,” तो हळूच म्हणाला.

“ते हे काढून देतील,” काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “वेळा मी बघेन. यांनी फक्त रांगेत उभं राहायचं.” आणि तिन्ही चाव्या मोजून त्यांनी पर्समध्ये टाकल्या. ढाल माझ्याच हातात राहिली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी काकूंना मनुरेवाच्या तिकिटांच्या ऑफिसात घेऊन गेलो. रांगेत पाऊण तास उभा राहिलो. काकू खुर्चीवर बसून वही वाचत होत्या. त्या पानावरची माझी खूण त्यांनी खोडलेली दिसली. नंबर आल्यावर त्या काउंटरशी आल्या, मला जरा बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वच्छ, टेलिफोनवरच्या इंग्रजीत वेळा विचारल्या. ऑकलंड ते सिंगापूर, सिंगापूर ते मुंबई. काउंटरवरची बाई यंत्रावर बटणं दाबून प्रवासाचे तास काढायच्या आत काकूंनी ते सांगितले होते. बाईने स्क्रीनवर बघितलं. बरोबर होते.

बाई खूश झाली. माझ्या हातातली काकूंची पर्स, छत्री आणि पाण्याची बाटली बघून तिने हसून विचारलं, “इज ही युअर सन?”

काकूंनी तिकिटावरची तारीख पुन्हा एकदा तपासली, तिकीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

“नो,” त्या म्हणाल्या. “ही इज द क्विझमास्टर.”